खात्री असणाऱ्यांची खुर्ची

त्या खुर्चीचा पुढचा एक पाय आखूड होता आणि तो तसाच राहिला पाहिजे, असा बाईंचा हुकूम होता. एकदा माझ्या पप्पांनी न विचारता त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, तर बाईंनी ती काढून त्यांच्याच हातात ठेवली.

"पोस्टमास्तर, ही तुमच्या पत्रकांना लावा. तीसुद्धा एकाच बाजूला कलतात."

पप्पा पोस्टमास्तर नव्हते, पोस्टमन होते. दिवसभर लोकांचं टपाल वाटायचे आणि संध्याकाळी संघटनेची पत्रकं. संघटनेला बसायला जागा नव्हती, ती बाईंनी दिली होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घराची खालची, रस्त्याकडची खोली. भाडं नाही, पण एक अट होती. प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी वर येऊन बाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं.

वरच्या खोलीत बाईंचं टेबल आणि टेबलासमोर दोन खुर्च्या. एक धड, एक आखूड पायाची. ज्याला आपलंच बरोबर आहे याची पक्की खात्री असेल, त्यानं आखूड पायाच्या खुर्चीत बसायचं. ज्याला थोडी शंका असेल, त्याला धड खुर्ची. पप्पांना धड खुर्ची कधी मिळाल्याचं मला आठवत नाही. ते हात वर करून "या अन्यायाविरुद्ध" म्हणाले की खुर्ची "टक्" करायची आणि त्यांचा आवाज अर्ध्यावर यायचा. बाई स्वतः त्या खुर्चीत बसत नसत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला कशाची खात्री आहे म्हणून बसू?"

बाई वकील होत्या. जन्मभर सोलापूरच्या कोर्टात बायकांचे पोटगीचे दावे लढल्या आणि मग एक दिवस काळा कोट धुऊन, घडी करून, ट्रंकेत टाकला. लोक म्हणत गुडघे गेले. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. "मला हल्ली दोन्ही बाजू पटायला लागल्यात. अशा वकिलाकडे अशील कशाला येईल?" माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. मराठीत कितीही वेळ भांडत, पण समोरच्याला गप्प करायचं असलं की कानडी बाहेर यायची. "सुम्न कुंद्रु." म्हणजे, गुमान बस. आमच्या गल्लीत कानडी न येणाऱ्या लहान पोरांनाही हे दोन शब्द कळत.

टेबलावर एक पत्र्याचा डबा असे, त्यात कडक भाकरी. गल्लीतलं भांडण वर आलं आणि दोन्हीकडचं ऐकून झालं की बाई डब्यातून एक भाकरी काढून दोन्ही हातांनी मोडत. कडाड् असा आवाज व्हायचा. तो निकाल. त्यानंतर कुणी बोलायचं नाही. मोडलेली भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर वादी आणि प्रतिवादी दोघांनी तिथंच बसून खायची.

हे सगळं गंमत म्हणून चालायचं असं कुणी समजू नये. गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते आलं की माणसं शत्रू होतात. एकदा समोरचे टेलर आणि त्यांच्या शेजारचे काका मोटारीवरून हातघाईवर आले. काकांनी नळाला मोटार लावली की टेलरांच्या नळाला नुसती हवा. दोघांना वर आणलं. टेलर तडक आखूड खुर्चीत बसले.

"आता तुम्ही काकांचे वकील," बाई म्हणाल्या. "करा सुरुवात."

"म्या? ह्यांचा वकील? मेलो तरी न्हाय."

"मग सुम्न कुंद्रु. पाणी पुढच्या वेळेला बघू."

टेलरांनी गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळली. मग काकांकडे न बघता पुटपुटले, "आमची म्हातारी वरच्या मजल्यावर हाय. तिला जिना उतरवत न्हाय. मोटारीबिगर वर पाणी चढत न्हाय..." एवढं बोलून थांबले, कारण ते खरंच होतं आणि गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मग काकांची पाळी आली. टेलरांची बाजू मांडताना काका टेलरांपेक्षा जास्त चिडले. निकाल असा झाला की टेलरांची भांडी भरल्यावर मोटार सुरू करायची. दोघं भाकरी खात शेजारी बसले. टेलर म्हणाले, "वकील बरा होता की माझा."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. शाळेत 'घर' आणि 'नळ' शिकवायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. आई माढ्याकडची, अंगणवाडीत काम करते. ती म्हणायची, "ह्या घरात भाजी खारट झाली तर बी मोर्चा निघंल." नववीत असताना मी पहिलं पत्रक लिहिलं, शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून. तेव्हापासून बाईंनी माझं नाव 'पत्रक' ठेवलं. "ए पत्रक, वर ये." "काय गं पत्रक, आज कुणाचा धिक्कार?"

बाईंच्या या दोन बाजूंचा मला राग यायचा. अजूनही थोडा येतो. जगात काही गोष्टींना दोन बाजू नसतात असं मी मानत होते आणि एकदा मी ते तोंडावर सांगितलं. आखूड खुर्चीत बसून, दोन्ही हातांनी टेबल धरून. "बाई, माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. सांगा याची दुसरी बाजू. मी ऐकते."

वाटलं, आता बाई अडकल्या. त्या अडकल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत.

"दुसरी बाजू असते म्हणजे ती खरी असते, असं कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "त्या लोकांकडे कारणं होती. धर्माची होती, रिवाजाची होती, बापजाद्यांची होती. ती सगळी खोटी होती. पण ज्यांनी ती खोटी ठरवली, त्यांनी आधी ती शेवटपर्यंत वाचली होती. तुझ्या घरात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, त्यांनी किती वाचलं होतं ते तुझ्या पप्पांना विचार." मग डब्याचं झाकण लावत, "मी बायकांना पोटगी मिळवून दिली ती कशी? नवऱ्याचं म्हणणं मला नवऱ्यापेक्षा चांगलं पाठ असायचं. तो बोलायच्या आधी मी उत्तर देऊन मोकळी."

त्या दिवशी भाकरी मोडली नाही. मी खाली आले आणि माझं चालू पत्रक पुन्हा वाचलं. ते मला पहिल्यांदाच पातळ वाटलं.

बारावी झाली आणि मी जाहीर केलं की मी वकील होणार. लगेच गल्ली कामाला लागली. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स असतो तो करावा, असं निम्म्यांचं मत. बाईंचं मत उलट. "आधी पदवी घे. राज्यशास्त्र वाच, अर्थशास्त्र वाच, मराठी वाच. कलमं कुठं पळून जातायत?" माझ्या ओळखीच्या दोन मुली पाच वर्षांच्या कोर्सला गेल्या आणि छान वकील झाल्या, तेव्हा हे काही त्रिकालाबाधित सत्य नाही. पण मला ते पटलं. प्रश्न उरला, बीए कुठं करायचं.

माझं उत्तर तयार होतं. पुणे. तिथल्या एका जुन्या, दगडी इमारतीच्या कॉलेजात मला प्रवेश मिळत होता. त्या कॉलेजातून आंदोलनं निघाली, नेते निघाले, हे मी पत्रकांतून वाचलं होतं. पप्पांनाही पुणंच हवं होतं. आई काही बोलत नव्हती, तिला कुणी विचारलंही नव्हतं. मी नेहमीप्रमाणे पत्रक लिहिलं, 'पुणेच का?' आणि झेरॉक्स काढून गल्लीत दारादारांतून सरकवलं.

संध्याकाळी हाक आली. "ए पत्रक. वर."

मी सांगायच्या आधीच आखूड खुर्चीत बसले.

"खटला चालेल," बाई म्हणाल्या. "पुण्याचा प्रवेश शनिवारपर्यंत पक्का करायचाय ना? मग शुक्रवारी निकाल. तू सोलापूरची वकील. पुणे माझ्याकडे."

"मी? सोलापूरची? बाई, माझं पत्रक वाचलं नाही का तुम्ही?"

"वाचलं की. म्हणूनच."

पुरावे गोळा करायची बाईंची पद्धत म्हणजे वर्गात जाऊन बसायचं. कॉलेजची माहितीपुस्तकं त्या बघतच नसत. "लग्नाच्या फोटोवरून संसार कळतो का?" म्हणायच्या. तेव्हा आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलो. सुती साडी, पांढरा अंबाडा आणि वकिलाची चाल. गेटवरच्या माणसानं बाईंना प्राध्यापक समजून सलाम केला आणि बाईंनी तो स्वीकारला. आम्ही भरलेल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. सर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलत होते आणि काय बोलत होते! माझ्या अंगावर काटा आला. तास संपताना बाई उभ्या राहिल्या.

"सर, ज्याला हे स्वातंत्र्य लोकांना द्यायचं नाही, त्याची सगळ्यात बळकट बाजू कुठली?"

"आजी," सर हसून म्हणाले, "त्याला बळकट बाजू असती तर मी त्याच्यावर लेक्चर दिलं असतं."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. बाईसुद्धा हसल्या आणि परतीच्या गाडीत खिडकीतून बघत म्हणाल्या, "बोलतो छान. पुण्याच्या बाजूनं हे मी मांडणार."

दुसऱ्या दिवशी सोलापुरातलं एक कॉलेज. जुना पंखा, अर्धा रिकामा वर्ग, सरांचा आवाज मागं पोचत नव्हता. विषय योगायोगानं जवळचाच निघाला. बाईंनी तोच प्रश्न विचारला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फळ्याकडे असे बघत राहिले की जणू उत्तर तिथंच कुठंतरी लिहून विसरले होते.

"मला आत्ता सांगता येणार नाही," ते म्हणाले. "उद्या याच तासाला याल का?"

आम्ही गेलो. सरांनी वर्गाची हजेरीसुद्धा न घेता थेट त्या प्रश्नाला हात घातला. स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांची बाजू त्यांनी अशी मांडली की पहिल्या बाकावरची एक मुलगी संतापून उभी राहिली. "सर, हे चूक आहे!" सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "छान. आता तू सांग, मी ऐकतो." ती मुलगी अडखळत बोलत होती, सर मान डोलवत होते आणि मागं बसल्या बसल्या माझे हात शिवशिवत होते. मला त्या मुलीच्या जागी उभं राहायचं होतं.

रिक्षात मी बाईंना म्हणाले, "बघितलंत?"

"एका तासावरून कॉलेज ठरवू नये," बाई म्हणाल्या. "पुण्याच्या सरांचा तो दिवस वाईट असेल. मी पुण्याची वकील आहे, विसरू नको."

पण माझ्यात आता सोलापूरचं वारं भरलं होतं. मी रात्रभरात नाही, दुपारच्या दुपारी दुसरं पत्रक लिहिलं. 'सोलापूर का नाही?' जरा मार्क पडले की पोरं बाहेर पाठवायची, मग इथले वर्ग रिकामे राहतात आणि मग रिकाम्या वर्गांकडे बोट दाखवून पोरं बाहेर पाठवायची, हे चक्र कुणाच्या फायद्याचं आहे, असा माझा सवाल होता. तो सवाल आजही माझ्याकडे आहे. पत्रक पुन्हा त्याच दारांतून सरकलं. टेलर दुकानातून ओरडले, "अगं, परवा तर पुणं म्हणत होतीस की! आमी कुटं जायचं ते एकदा सांग!"

शुक्रवारी वरची खोली भरली. पप्पा, आई, टेलर, काका. बाईंनी पुण्याची बाजू मांडली आणि मी त्यांना कोर्टात कधी पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं. ग्रंथालयं सांगितली, व्याख्यानं सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सोलापुरात ही कायम कुणाची तरी मुलगी आहे. पोस्टमनची मुलगी, संघटनेची मुलगी, वकीलबाईंच्या माडीवरची मुलगी. पुण्यात ही कुणीच नसेल. माणसानं तरुणपणी एकदा तरी कुणीच नसून बघावं. त्याशिवाय आपलं स्वतःचं काय आहे ते कळत नाही." पप्पांनी डोळे पुसले. टेलर म्हणाले, "पुणंच."

मी उठले आणि सोलापूरच्या बाजूनं बोलले. त्या अडखळणाऱ्या मुलीबद्दल बोलले, "मला आत्ता सांगता येणार नाही" म्हणणाऱ्या सरांबद्दल बोलले. ज्या गावच्या बायका पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढतात, त्या गावात राहून शिकलं तर काय बिघडलं, असं विचारलं. टेलर म्हणाले, "न्हाय न्हाय, सोलापूरच."

आता भाकरी मोडायची. बाईंचा हात डब्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

"मला निकाल देता येत नाही," त्या म्हणाल्या. "या पोरीनं सोलापुरात राहावं, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. हिची पत्रकं ऐकायची सवय झाली मला. माझा स्वार्थ होता, म्हणून तर मी पुणं घेतलं. आणि आता भांडून भांडून मला पुणंच पटलंय."

"आणि मला सोलापूर," मी म्हणाले.

आठवडाभर दोघी एकमेकींची बाजू लढवत होतो आणि शेवटी दोघी एकमेकींच्या जागी जाऊन उभ्या राहिलो होतो. न्यायाधीश उरला नव्हता आणि शनिवार उद्यावर आला होता. पप्पा म्हणाले, "मतदान घेऊ." टेलरांकडे बघून बाई म्हणाल्या, "हे दोन्हीकडे मत देतील."

तेवढ्यात दाराशी उभी असलेली आई पुढं आली. "म्या बोलू का?"

"तुम्हाला कुठली खुर्ची?" बाईंनी विचारलं.

"मी उभीच बरी हाय." तिनं पदर खोचला. "पुण्याला गेली तर ही शिकंल. हितं राहिली तर बी शिकंल, तितं काय न् हितं काय, पोरगी वाचणारी हाय. कायद्याला तीन वर्सांनी पुण्याला जायाचंच हाय तिला, तवा कुणीच न्हाय ते बी हून बघंल. पण आत्ता हिचं तोंड लई सुटलंय. पुण्यात समदी हिच्यासारखीच बोलणारी. टाळ्या वाजवतील. हिला 'सुम्न कुंद्रु' म्हणणारं तितं कोण हाय?"

आधी टेलर हसले आणि मग सगळेच. बाईंनी डबा आईपुढं सरकवला. आईनं भाकरी हातात घेतली, उलटून पालटून बघितली. "लई जाड केलीया," म्हणाली आणि कडाड् केलं.

मी सोलापुरात बीए केलं, राज्यशास्त्र घेऊन. पहिल्या बाकावरची ती मुलगी माझी मैत्रीण झाली आणि आम्ही दोघींनी मिळून सरांना पुष्कळ छळलं. वर्ग रिकामाच होता, पंखा शेवटपर्यंत कुरकुरत राहिला आणि ग्रंथालयात हवं ते पुस्तक बहुतेक वेळा नसायचं. पुण्याला गेले असते तर काय झालं असतं, ती बाजूही मी मांडू शकते आणि ती बळकट आहे. कॉलेज सुटलं की मी माडीवर जायचे. सरांनी काय सांगितलं ते बाईंना सांगायचे, बाई त्याच्या विरुद्ध बोलायच्या, मी ते दुसऱ्या दिवशी सरांकडे न्यायचे. माझ्या शिक्षणाची निम्मी फी त्या आखूड खुर्चीनं भरली, असं पप्पा म्हणतात.

आता मी पुण्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथं मूट कोर्टच्या, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांच्या, स्पर्धा असतात. कुणाला कुठली बाजू येईल ते चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि नको ती बाजू आली की पोरं हळहळतात. मला गंमत वाटते. पत्रकं मी अजून लिहिते. पण आता खालचा एक कोपरा समोरच्याच्या म्हणण्याला सोडते आणि मग ते म्हणणं फोडते. संघटनेतल्या जुन्या लोकांना तो कोपरा खटकतो. पप्पा त्यांच्याशी वाद घालतात आणि मग मला फोन करून म्हणतात, "पण खरं सांगू, मलाही खटकतो."

मी पुण्याला निघाले त्याच उन्हाळ्यात बाई अक्कलकोटला भाचीकडे राहायला गेल्या. जिना होईना. खालची खोली संघटनेकडेच ठेवली, अटीसकट. पत्रक आता फोनवर वाचून दाखवायचं. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी माडीवर गेले. सामान बांधून झालं होतं, डबा रिकामा करून उन्हात पालथा घातला होता. टेबल खाली गेलं होतं आणि खोलीत फक्त दोन खुर्च्या उरल्या होत्या. मी सवयीनं आखूड खुर्चीकडे गेले. बाईंनी हातानं मला धड खुर्ची दाखवली आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीकडे गेल्या. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, गुडघा सांभाळत, सावकाश त्या तिच्यात बसल्या.

खुर्ची "टक्" म्हणाली.

"बाई," मी म्हणाले, "कशाची खात्री झाली?"

"तुझ्या आईनं त्या दिवशी भाकरी बरोबर मोडली याची."

"मग मी पुण्याची बाजू मांडू का?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली टेलरांचं मशीन चालू होतं, काकांची मोटार सुरू झाली होती.

"आज नको," त्या म्हणाल्या. "सुम्न कुंद्रु."

मी गुमान बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो आणि बाई जरा हलल्या की ती खुर्ची टक् करत होती.